पूर्णांक कोणी बदलला?





दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात सातवीचा अर्धवार्षिक निकाल घरोघरी पोहोचला आणि दोन दिवसांनी आम्हाला तो परत मागवावा लागला. त्यावरून बरीच चर्चा झाली. कोणी ओट्यावर बोलले, कोणी फोनवर, कोणी थेट कार्यालयात येऊन. काहींनी सुचवले की मुलांनी तयार केलेले प्रोग्राम शाळेच्या कामात वापरूच नयेत, बाजारातून तयार सॉफ्टवेअर आणावे. या अंकात त्याविषयीच लिहावे असे आम्ही ठरवले. चूक झाकण्यापेक्षा ती समजून घेणे हे शाळेचे काम आहे, असे आम्ही मानतो.

आधी काय घडले ते सांगतो. निकालाचा छोटा प्रोग्राम दोन वर्षांपूर्वी अकरावीच्या मुलांनी संगणकाच्या सरांच्या देखरेखीखाली पायथॉनमध्ये लिहिला होता. त्यात टक्केवारी काढणारे एक फंक्शन होते. त्याला फक्त विद्यार्थ्याचे मिळालेले गुण दिले जात. भागायचे कशाने, म्हणजे पूर्णांक किती, हे प्रोग्रामच्या अगदी वर एकदाच लिहून ठेवले होते : ६००. सगळ्या फंक्शनांनी तिथूनच तो आकडा घ्यायचा. यंदा नववीच्या एका विषयाची परीक्षा पुढे ढकलली गेली, म्हणून नववीचा निकाल छापताना तो आकडा ५०० केला. ते योग्यच होते. मात्र त्याच बैठकीत, प्रोग्राम बंद न करता, पुढे सातवीचा निकाल छापला गेला. वरचा आकडा ५०० च राहिला होता.

एका मुलाच्या गुणपत्रिकेवर १०२ टक्के आले. त्याच्या आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेत आले. मुलाला ६०० पैकी ५१० गुण होते, म्हणजे ८५ टक्के. १०२ टक्के हे कोणालाही खटकणारच. पण त्याच वर्गातल्या एका मुलीला ४३८ गुण होते. तिचे खरे टक्के ७३, पत्रिकेवर छापले गेले ८७.६. हा आकडा कोणालाच खटकला नाही. घरी पेढे आले. शाळेच्या ७५ टक्क्यांवरच्या बक्षिसासाठी तिचे नावही यादीत लिहिले गेले. मग आम्हाला वर्गशिक्षिकेबरोबर तिच्या घरी जावे लागले. तिच्या आई-बाबांसमोर आम्ही सांगितले की चूक तिची नाही, आमची आहे, आणि गुणपत्रिकेवर सही आमची आहे. बक्षिसाचा नियम सर्वांना एक असल्यामुळे नाव वगळावे लागले. ती मुलगी काही बोलली नाही, पाणी आणायला आत निघून गेली. पस्तीस गुणांनी नापास झालेल्या मुलाशी बोलण्याची आम्हाला सवय आहे. दिलेले परत घेण्याची सवय नव्हती.

आता यातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सरांनी प्रोग्राम पुन्हा सुरू करून सातवीचा निकाल काढला, तर तो बरोबर आला! कारण प्रोग्राम नव्याने सुरू केला की आकडा पुन्हा ६०० होतो. क्षणभर सगळ्यांना वाटले की काल कोणीतरी टायपिंगमध्ये गडबड केली असणार. ज्या मुलांनी प्रोग्राम लिहिला त्यांच्यावर, ज्या लिपिकांनी छापला त्यांच्यावर संशय गेला. वास्तविक कोणीही चुकीचे बटण दाबले नव्हते. आधी नववी, मग सातवी हा क्रम एवढाच काय तो गुन्हा. तेच गुण, तेच फंक्शन. सोमवारी एक उत्तर, मंगळवारी दुसरे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. गणिताच्या वर्गात फंक्शनला आम्ही 'फलन' म्हणत असू. गुरुजी फळ्यावर एक चौकोन काढत आणि सांगत, इकडून संख्या घाला, तिकडून उत्तर निघेल; आणि तीच संख्या पुन्हा घातली तर तेच उत्तर निघाले पाहिजे, नाहीतर त्याला फलन म्हणायचे नाही. तेव्हा आमच्या कॉलेजात संगणक नव्हता. पुढे संगणकाच्या भाषांत 'फंक्शन' हा शब्द भेटला तेव्हा वाटले, जुना मित्र भेटला. पण संगणकातले फंक्शन गणिताचे वचन पाळेलच असे नाही. ते चौकोनाच्या बाहेर डोकावू शकते, बाहेरचा आकडा वाचू शकते, इतकेच काय, बाहेरचा आकडा बदलूही शकते. जे फंक्शन असे करत नाही, दिलेल्या गोष्टींवरूनच उत्तर काढते आणि बाहेरच्या कशालाही हात लावत नाही, त्याला प्रोग्रामर मंडळी शुद्ध फंक्शन म्हणतात. आणि सर्वांना उघडा असलेला, कोणीही कुठूनही बदलू शकेल असा आकडा म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल. सीबीएसईच्या बारावीच्या संगणकशास्त्रात ग्लोबल आणि लोकल हा भेद अभ्यासक्रमातच आहे. मुले त्याची व्याख्या पाठ करतात, दोन गुण मिळवतात. तो भेद घरच्या पेढ्यांपर्यंत कसा पोहोचतो हे मात्र त्यांना सांगायचे राहून जाते.

आमच्या माता-भगिनींना हे समजावण्यासाठी संगणक लागत नाही. एकत्र कुटुंबातले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. शेगडीवर आमटी उकळते आहे. थोरल्या जाऊबाई येतात, मीठ घालतात, देवघरात जातात. धाकट्या येतात, त्यांना वाटते मीठ राहिले, त्या घालतात. सासूबाई शेवटी चव न पाहता चिमूटभर घालतात, कारण त्या रोजच घालतात. तिघींपैकी एकीचेही चुकले नाही. तरी आमटी खारट. पातेले सर्वांचे, हात सर्वांचे आणि कोणी काय केले याची नोंद कुठेच नाही. ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे असे उघडे पातेले.

या विषयाचा उत्तम धडा तर आपल्या गावातच उभा आहे. आपण उज्जैनकर ज्याला जंतर महाल म्हणतो ती वेधशाळा सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधली. पुढे ती मोडकळीस आली. गोविंद सदाशिव आपटे आणि पंडित नारायणजी व्यास यांच्या आग्रहावरून १९२३ मध्ये माधवराव महाराज शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. आपटे हेच तिचे पहिले अधीक्षक. आपल्या मराठी समाजाला याचा अभिमान असला पाहिजे. १९४२ पासून तिथून दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांग निघू लागले.

तिथल्या सम्राट यंत्रावर सावली पडते आणि वेळ कळते. पण ती वेळ उज्जैनच्या सूर्याची. आपल्या मनगटावरची वेळ म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, ती ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची. उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर. फरक ६ अंश ४४ कला. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटे. शिवाय सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालताना दिसत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात तो सुमारे १४ मिनिटे मागे असतो, नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे पुढे. म्हणून सावलीच्या वेळेत फेब्रुवारीत सुमारे ४१ मिनिटे मिळवायची, नोव्हेंबरच्या आरंभी फक्त ११. किती मिळवायची याचा तारखेप्रमाणे तक्ता यंत्रापाशी लावलेला असतो.

विद्यार्थी मित्रांनो, तो तक्ता म्हणजे काय ते ओळखा. सावलीची वेळ, तारीख आणि गावाचा रेखांश या तीन गोष्टी द्या, घड्याळाची वेळ मिळेल. ज्या ज्या गोष्टींवर उत्तर अवलंबून आहे, त्या सगळ्या उघडपणे मागून घेतल्या आहेत. समजा, एखाद्या मार्गदर्शकाने फेब्रुवारीत '४१ मिळवा' हे डोक्यात पक्के केले आणि नोव्हेंबरातही तेच सांगितले, तर अर्ध्या तासाची चूक होईल. समजा, आपला तक्ता कोणी पुण्याला नेला, तर तिथे सुमारे पावणेआठ मिनिटांची चूक होईल, कारण पुणे आपल्या पश्चिमेला जवळजवळ दोन अंश आहे. चूक तक्त्याची नसेल. गाव ही गोष्ट कोणीतरी न सांगता गृहीत धरली, एवढेच.

आपल्या प्राचीन ज्योतिषांना हे पक्के ठाऊक होते. सूर्यसिद्धांतात अवंती म्हणजे आपली उज्जयिनी मध्यरेषेवर धरली आहे. पण 'आम्ही उज्जयिनी धरली, आता तुम्ही बघून घ्या' असे म्हणून ते थांबले नाहीत. दुसऱ्या गावासाठी देशांतराचा संस्कार करायला त्यांनी वेगळे सांगितले. गृहीत काय धरले ते सांगायचे, आणि ते बदलले तर उत्तर किती बदलेल तेही सांगायचे. ही शिस्त दीड हजार वर्षांपूर्वीची आहे, ती संगणकाबरोबर आलेली नाही.

उलट शिस्त नसली की काय होते त्याचे उदाहरण मुंबईचे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत चालवली. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे मुंबईत कोणी 'दहाला या' म्हटले की 'कोणत्या दहाला?' हे विचारावे लागे. ज्याने विचारले त्याची गाडी चुकली नसेल. ज्याने गृहीत धरले त्याची चुकली असेल.

पालकांना वाटेल, निकाल काय, गाडी काय, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. एवढा विचार कशाला? म्हणून एक गंभीर उदाहरण देतो. कॅनडात तयार झालेले थेरॅक-२५ नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या सहा रुग्णांना त्यातून प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक किरण दिले गेले आणि त्यांतले काही दगावले. नंतर तपास झाला, १९९३ मध्ये नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी त्यावर सविस्तर लिहिले. अनेक दोष निघाले. त्यांतला एक मोठा दोष असा की प्रोग्रामचे वेगवेगळे भाग तेच सामाईक आकडे वाचत होते आणि बदलत होते. एका ठिकाणी तपासणी करायची की नाही हे एका सामाईक आकड्यावर ठरत असे. शून्य नसेल तर तपासणी करायची. दर फेरीला त्यात एक मिळवला जाई. पण त्याला जागा होती फक्त २५५ पर्यंत मोजण्याची. दर २५६ व्या फेरीला तो गडगडून शून्यावर येई आणि तेवढ्या क्षणापुरती तपासणीच वगळली जाई. नेमक्या त्याच क्षणी तंत्रज्ञाने बटण दाबले तर अनर्थ. शेकडो वेळा यंत्र बरोबर चाले, म्हणून तक्रार करणाऱ्यावरच कोणाचा विश्वास बसत नसे. आपल्या निकालासारखेच झाले : दुसऱ्या दिवशी पाहावे तर सगळे ठीक.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा धोका फार आधीपासून माहीत आहे. १९७३ मध्येच विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी ग्लोबल व्हेरिएबल घातक आहेत असे लेख लिहून सांगितले. लिस्पसारख्या जुन्या आणि १९९० मध्ये आलेल्या हॅस्केलसारख्या भाषांनी फंक्शनला गणिताजवळ ठेवले. हॅस्केलमध्ये तर शुद्ध फंक्शन हाच नियम आहे. पायथॉन इतका कडक नाही. फंक्शनच्या आत बाहेरचा आकडा बदलायचा असेल तर पायथॉन 'ग्लोबल' हा शब्द लिहायला लावतो, म्हणजे दार वाजवून आत या असे सांगतो. नुसता वाचायला मात्र काही लिहावे लागत नाही. आमच्या टक्केवारीच्या फंक्शनने बाहेरचा आकडा नुसता वाचला, आणि घात झाला.

आणखी दोन सापळे मुलांनी लक्षात ठेवावेत. पहिला, फंक्शनला गुणांची यादी दिली आणि त्याने त्याच यादीत ग्रेस गुण मिळवून ठेवले. मग कागद अडकला म्हणून पुन्हा छापले, तर ग्रेस दोनदा! फंक्शनने नवी यादी करून द्यावी, दिलेली खराब करू नये. मागून आणलेले भांडे आहे तसे परत करावे, हा शेजारधर्म इथेही लागू आहे. दुसरा, प्रवेशाच्या वेळी मुलाचे वय काढणारे फंक्शन आतल्या आत संगणकाला 'आज तारीख काय' असे विचारते. मग तेच मूल सोमवारी प्रवेशास पात्र नसते आणि गुरुवारी असते. जन्मतारखेबरोबर कोणत्या तारखेला वय मोजायचे तीही बाहेरून द्यावी.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आमच्या बारावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, दर वेळी पूर्णांक हातात द्यायचा म्हणजे लिहिणे वाढते. आणि सगळेच शुद्ध ठेवले तर निकाल छापणार कोण, फाइलमध्ये लिहिणार कोण?" प्रश्न चांगला आहे. छापणे, साठवणे, विचारणे ही कामे बाहेरच्या जगाला हात लावल्याशिवाय होत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय प्रोग्राम निरुपयोगी आहे. म्हणून ती दारापाशी ठेवावीत, आत हिशेबाचे घर शुद्ध असावे. आठवड्याचे दिवस सात, हा आकडा वर एकदाच लिहिला आणि कोणी कधीच बदलला नाही तर त्याने बिघडत नाही. बिघडते ते बदलणाऱ्या आकड्याने. आणि लिहिणे वाढते म्हणाल, तर जे चार शब्द वाढतात ते पुढच्या वाचणाऱ्याला सांगतात की उत्तर कशाकशावर अवलंबून आहे. एखाद्या फंक्शनला दहा-बारा गोष्टी द्याव्या लागत असतील तर ते फंक्शन फार कामे करते आहे असे समजावे आणि त्याचे तुकडे करावेत.

तयार सॉफ्टवेअर आणण्याच्या सूचनेबद्दल. ते आणायला आमचा विरोध नाही. शुल्क आणि हजेरीसाठी ते उपयोगीही पडेल. पण ते आणले म्हणजे हा दोष संपेल ही समजूत बरोबर नाही. थेरॅक-२५ हे तयारच यंत्र होते, आणि ते मुलांनी बनवलेले नव्हते. विकत घेतलेल्या प्रोग्रामच्या आत काय गृहीत धरले आहे ते आपल्याला दिसत नाही. आपल्या मुलांनी लिहिलेल्या चाळीस ओळी निदान आपण उघडून पाहू शकलो, आणि चूक एका तासात सापडली. मुलांच्या हातून लेखणी काढून घेणे हा उपाय नव्हे.

शाळेने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, निकालाचा प्रोग्राम बारावीच्या मुलांनी नव्याने लिहिला आहे. आता टक्केवारीच्या फंक्शनला मिळालेले गुण आणि पूर्णांक दोन्ही द्यावेच लागतात. एक विसरला तर ते चालतच नाही, आणि गुण पूर्णांकापेक्षा जास्त दिसले तर थांबते. ४३८ आणि ६०० दिले की ७३, मग आधी नववी छापा की दहावी. दुसरी, छापण्याआधी प्रत्येक वर्गातल्या पाच पत्रिकांचा हिशेब वर्गशिक्षक कागदावर करतील आणि त्या कागदावर सही करतील. शुद्ध फंक्शनचा मोठा फायदा हाच की कागद-पेन्सिलने त्याची परीक्षा घेता येते. तिसरी, संगणकाच्या प्रात्यक्षिकात यापुढे नुसते उत्तर बरोबर आले म्हणून पूर्ण गुण मिळणार नाहीत. फंक्शन दोनदा चालवून, क्रम उलटा करून पाहिले जाईल.

विश्वस्त मंडळाकडे एक विनंती आहे. प्रयोगशाळेत एका संगणकावर तीन-तीन मुले बसतात, तेव्हा एक लिहितो आणि दोघे पाहतात. ज्याने स्वतः लिहिले नाही त्याला आपण काय गृहीत धरले हे कधीच कळत नाही. शाळा सुटल्यावर एक तास प्रयोगशाळा उघडी ठेवण्याची परवानगी आणि त्यासाठी एका शिक्षकाचे मानधन एवढे मिळाले तर पुष्कळ होईल. पालकांना विनंती अशी की मुलगा 'माझा प्रोग्राम चालला' असे सांगत आला तर त्याला विचारा, "दुसऱ्यांदाही तेच उत्तर आले का?" एवढा प्रश्न विचारायला संगणक यावा लागत नाही.

प्रोग्राम लिहिणारे ते दोन माजी विद्यार्थी आता इंदूरला शिकतात. त्यांनी फोन करून माफी मागितली. आम्ही त्यांना सांगितले की माफी नको, एखाद्या रविवारी या आणि आपली चूक आताच्या अकरावीला स्वतः फळ्यावर समजावून सांगा. ते येणार आहेत. सातवीच्या त्या मुलीलाही त्या दिवशी पहिल्या बाकावर बसायला बोलावले आहे. ४३८ ला ५०० ने का भागले गेले हे जाणून घेण्याचा पहिला हक्क तिचा आहे.

आपला,
प्राचार्य